दलघमी आणि दर्या

पाटबंधारे खात्यात मी चौतीस वर्षं पाणी मोजलं. पाण्यात उतरलो एकदाही नाही.

यात नवल काही नाही. बँकेतला रोखपाल नोटांच्या गादीवर झोपतो का? रोज सकाळी धरणावरच्या पट्टीचं वाचन यायचं आणि मी तक्ता काढून त्याचे दलघमी करायचो. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, म्हणजे शंभर कोटी लिटर. बोर, धाम, पोथरा, पंचधारा, डोंगरगाव, मदन, लाल नाला. वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्या धरणात आज किती पाणी आहे, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. जिवंत साठा वेगळा, मृत साठा वेगळा. मृत साठा म्हणजे विमोचकाच्याही खाली तळाशी पडून राहिलेलं, कालव्यात कधीच न येणारं पाणी. खात्यात काही माणसंही या प्रकारची असत, पण तो विषय वेगळा.

पोहणं मात्र राहून गेलं. आमच्या गावची पोरं पाठीला सुका भोपळा नाही तर रिकामा डबा बांधून विहिरीत उड्या टाकत. मलाही भोपळा बांधला होता. पण आईनं काठावरून अशी हाक मारली, की मी भोपळ्यासकट घरी पळालो. भोपळ्याचं पुढं बी धरलं. माझं पोहणं तिथंच संपलं.

तसं पाहिलं तर वर्धेच्या माणसाचा आणि अरबी समुद्राचा संबंध काय? आमची वर्धा नदी मुलताईकडून उगम पावते, वैनगंगेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे आमच्या पाण्याचं सासर पूर्वेला. पश्चिमेच्या समुद्राशी आमची सोयरीकच नाही. आमच्याकडून त्या दिशेला नियमानं कोणी गेलं असेल तर तो कापूस. हिंगणघाटच्या कापसाचं नाव एके काळी थेट लिव्हरपूलच्या बाजारात घेत. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिकडचा कापूस अडला, तेव्हा आमच्या गाठींना मुंबई बंदरात भाव आला. कापूस गेला आणि शेतकरी इथंच राहिला. ही पद्धत अजून चालू आहे.

तर पुण्यातल्या आमच्या चिरंजीवांनी आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मुंबई ते गोवा जहाजाची तिकिटं काढून दिली. आमचे साडूभाऊ आणि मेव्हणीबाई यांनी ‘तुमी जाऊन राहिले तं आमी काऊन नाही?’ म्हणून स्वतःची काढली. शेजारचे मास्तर इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी ‘बंदर हा विषय मी तीस वर्षं फळ्यावरच काढला’ म्हणून मास्तरीणबाईंसह नाव घातलं. अशी तीन जोडपी आणि अकरा बॅगा विदर्भ एक्स्प्रेसनं निघाली. साडेसातशे किलोमीटर समुद्राकडे जायचं, आणि समुद्र आला की पुन्हा त्याच्यावरून जायचं.

जहाजाचं फार सांगत नाही. वर्धेतल्या कुठल्याही मंगल कार्यालयाला दहा मजले चढवा आणि खाली पाणी सोडा. जेवणाची रांग, लहान पोरांची धावाधाव, ‘जावईबापू कुठं गेले’ हा घोष, सगळं तेच. फरक दोनच. मंगल कार्यालय डुलत नाही, आणि आमचा जिल्हा गांधीजींचा म्हणून दारूबंदीचा. जहाजावर मजल्यागणिक बार होता. साडूभाऊ त्याच्या दारात हात मागं बांधून उभे राहिले, परदेशी पाहुणे बापू कुटीसमोर उभे राहतात तसे. आत गेले की नाही, ते मी पाहिलं नाही. मेव्हणीबाईंनी पाहिलं.

मास्तरांना रात्री बोट लागली. मराठीची गंमत पाहा. इतर ठिकाणी पोटात कालवतं. आपल्याकडं गाडी लागते, बोट लागते, उन्ह लागतं, दृष्ट लागते. बाहेरची वस्तू येऊन आपल्याला लागते, आपला दोष काही नाही. मास्तर पहाटेपर्यंत बोटीला दोष देत होते आणि आमची सौभाग्यवती त्यांना लिंबू हुंगायला देत होती.

सकाळी मुरगाव बंदरात जहाज लागलं. बोटीला बंदर लागलं, तेव्हा कुठं मास्तरांची बोट सुटली.

आता खरा विषय. जहाजावर एका टेबलाशी गोड बोलणारी मुलगी सहलींची यादी घेऊन बसली होती. त्यात एक होतं, बेटावर जाऊन ‘स्नॉर्कलिंग’. तोंडात नळी, डोळ्यांना काच, पायांना बदकाचे पंजे. माणूस पालथा तरंगतो आणि खालचे मासे बघतो. आकडा ऐकल्यावर साडूभाऊ म्हणाले, ‘एवढ्यात तं बोरच्या कालव्याची डागडुजी होते.’ मग बंदराच्या फाटकाबाहेर येऊन आपली आपण होडी करायची, असं ठरलं. सौभाग्यवतीनं एकच प्रश्न विचारला, ‘जहाज किती वाजता सुटते?’ चार वाजता आत पाहिजे, असं कागदावर होतं. साडूभाऊ म्हणाले, ‘चार म्हणजे साडेचार.’

हा एसटीचा हिशेब. आमच्याकडं देवळीच्या गाडीला हात दाखवा, थांबते. मागून एखादी म्हातारी येताना दिसली तर कंडक्टर घंटी मारत नाही. जहाजाला हात दाखवून काही होत नाही, हे साडूभाऊंना माहीत होतं. पण पटलेलं नव्हतं.

टॅक्सी करून आम्ही वास्कोच्या बायणा किनाऱ्यावर गेलो. तिथं फायबरच्या होड्या वाळूवर ओळीनं पडल्या होत्या, मागं इंजिन वर उचललेलं. आमच्या वाट्याला जो तांडेल आला त्याचं वय कळत नव्हतं. उन्हानं माणूस पिकून पुन्हा कच्चा झाला की होतो, तसा होता. ग्रँडे बेट, जाऊन-येऊन, मासे बघणं, नळी-काच-पंजे, सगळं मिळून चार हजार.

घासाघीस साडूभाऊंनी केली. त्यांनी कापसाच्या मोंढ्यात उभी हयात काढली. भाव ते बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबतात. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून तांडेलाच्या हातावर टाकला आणि खाली बोटं दाबायला सुरुवात केली. तांडेल घाबरला. त्याला वाटलं, हा माणूस हात बघतो. तो म्हणाला, ‘लग्न जालां म्हजें.’ शेवटी बत्तीसशेला जमलं. जमलं कशानं, ते दोघांनाही कळलं नाही.

नारिंगी जाकिटं चढवली. माझ्या जाकिटाचा पुढचा पट्टा पोटावरून पुढं येईना. तांडेलानं गुडघा लावून ओढला आणि एकदाचा खटका बसला. चौतीस वर्षांत सरकारी नोकरीनं मला काय दिलं, याचं इतकं नेमकं मोजमाप पेन्शन कार्यालयातही झालं नव्हतं.

होडी निघाली. मी सवयीनं काठाच्या खडकाकडं पाहिलं. त्यावर ओली रेघ होती आणि पाणी तिच्या खाली गेलेलं. तांडेल म्हणाला, सुकती लागली. म्हणजे ओहोटी. दिवसातून दोनदा वर, दोनदा खाली, उधाणाला दोन मीटरच्या आसपास. मी हे ऐकून बसल्या जागी अस्वस्थ झालो. बोर धरणाची पातळी एका दिवसात दोन वेळा दोन-दोन मीटरनं हलली असती, तर त्या दिवशी रात्रीपर्यंत शाखा अभियंता निलंबित झाला असता आणि मुख्य अभियंत्यांनी नागपूरहून जीप काढली असती. इथं कोणाला काही वाटत नव्हतं. नोंदवही नाही, पट्टी नाही, सांडवा नाही, पूर्ण संचय पातळी नाही. एवढं मोठं पाणी आणि जबाबदार अधिकारी कोणी नाही!

बेटाच्या आडोशाला खडपांजवळ तांडेलानं नांगर टाकला आणि काचा वाटल्या. मग म्हणाला, ‘काचेंत थुकात.’

मास्तर ताठ झाले. त्यांनी आयुष्यभर शाळेच्या भिंतीवर ‘येथे थुंकू नये’ स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. पण तांडेल म्हणाला ते शास्त्र आहे. तोंडाच्या उबेनं आणि समुद्राच्या गारव्यानं काचेवर आतून बाष्प धरतं. लाळेचा पातळ थर दिला की थेंब जमत नाहीत. आम्ही विधिपूर्वक थुंकलो. साडूभाऊंच्या तोंडात सकाळपासून तंबाखूचा खर्रा होता, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यांनी ती काच डोळ्यांना लावली आणि म्हणाले, ‘अरे बापरे, इतक्यात संध्याकाळ झाली!’

मग मी काच लावली आणि माझी मिशी आडवी आली.

माझी मिशी वाचकांपैकी ज्यांनी पाहिली असेल त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की कालव्याच्या पाळीवरून भांडणारे शेतकरी कचेरीत येत तेव्हा मला बोलावं लागत नसे. ही मिशी आता काचेच्या रबरी कडेखाली आली. केसांच्या फटीतून पाणी झिरपतं, काच चिकटत नाही. गळतीचं शास्त्र मला कोणी शिकवायला नको, आयुष्यभर धरणाच्या भिंतीतला पाझरच मोजला. पण इथं पाझर माझ्याच नाकाखाली होता. तांडेल इंजिनाच्या ग्रीसचा डबा घेऊन पुढं सरकला, तेव्हा मी ओरडलो. सौभाग्यवतीच्या पिशवीत टाचांच्या भेगांचं मलम निघालं. ते मिशीला थापलं. टाचेचं मलम ओठांवर घेऊन मी अरबी समुद्रासमोर बसलो.

आणि आता भाषेचा घात. तांडेल आमच्याशी मराठी बोलायचा, पण घाई झाली की कोकणीत शिरायचा. त्यानं विचारलं, ‘पयलीं कोण देंवतलो?’

मला ‘पयलीं’ तेवढं कळलं. वाटलं, विचारतोय की पहिल्यांदाच आलात का? मी आपल्या वऱ्हाडी सरळपणानं म्हणालो, ‘हाव, हाव!’

आता आमच्याकडं ‘हाव’ म्हणजे हो. कोकणीत ‘हांव’ म्हणजे मी. आणि त्यानं विचारलं होतं, पहिला कोण उतरणार. चौतीस वर्षं पाण्याला न शिवलेला माणूस छातीवर हात ठेवून ‘मी, मी!’ असं दोनदा ओरडतोय, हे पाहून त्या दर्यावर्दी माणसाला भरून आलं असावं. त्यानं माझी पाठ थोपटली. थोपटता थोपटता ढकललं.

पाणी थंड नव्हतं. खारट होतं, आणि सगळीकडं होतं. जाकिटानं मला वर धरलं, पण पोटामुळं मी उताणा व्हायचो आणि पंजे आभाळाकडं जायचे. वरून सौभाग्यवतीचा आवाज आला, ‘अहो, खाली पाहाचं आहे, वर नाही!’ तांडेल पाठोपाठ उडी टाकून आला. म्हणाला, ‘भियेनाकात, हांव आसां.’ या वेळी मला ‘हांव’चा अर्थ नीट कळला, आणि मराठीत इतकं धीर देणारं वाक्य मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

त्यानं मला पालथं केलं. नळीतून श्वास घ्यायचा. आधी घेतला तो पाण्याचाच. मग हळूहळू जमलं. खाली पाहिलं आणि माझ्या तोंडून नळीतल्या नळीत उद्गार निघाला, ‘गाळ!’

मांडवी आणि जुवारी या नद्या डोंगरातून जे आणतात ते समुद्राला अर्पण करतात. म्हणून गोव्याकडचं पाणी चित्रातल्यासारखं निळं-पारदर्शक नसतं. मालवण-तारकर्लीला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास त्याहून बरं दिसतं, असं नंतर अनेकांनी सांगितलं. नंतर सांगणारे भरपूर असतात. मला चार-पाच हातांपलीकडं हिरवट धूसर दिसत होतं, पवनारला धामचा पूर ओसरताना दिसतं तसं. म्हणजे एवढ्या लांब येऊन मी घरचंच पाणी पाहत होतो.

तेवढ्यात पायाला काही टणक लागलं. जमीन! मी आनंदानं उभा राहिलो. तांडेल असा ओरडला की नळी तोंडातून सुटली. ते प्रवाळ होतं. दिसायला दगड, पण जिवंत प्राण्यांची वसाहत. पाय दिला की वर्षानुवर्षांची वाढ मोडते. कायद्यानंही त्याला वाघाच्या रांगेत बसवलंय, १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. आमच्या बोर व्याघ्र प्रकल्पात मी वीस वर्षं जाऊन वाघ दिसला नाही. आणि इथं पहिल्याच दिवशी वाघाच्या बरोबरीच्या प्राण्यावर उभा राहिलो.

मासे मात्र नव्हते. मी मोजायला तयार होतो. मोजण्यासारखं काही येईना. वर होडीत सौभाग्यवतीनं पिशवी उघडली. तिनं वर्धेहून गोरसपाकाचे दोन डबे आणले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गोरसपाक म्हणजे आमच्या गोरस भांडारातलं तुपातलं खुसखुशीत बिस्कीट. वर्धेहून कोणी निघालं आणि हातात गोरसपाक नाही, तर तो माणूस वर्धेचा नाही किंवा निघाला नाही. तिला आपली भूक लागली होती. एक तुकडा हातातून निसटून पाण्यात पडला.

आणि खाली जत्रा भरली. पिवळे, अंगावर काळे उभे पट्टे असलेले, तळहाताएवढे मासे कुठून कुठून आले. इंग्रजीत या माशाला सार्जंट मेजर म्हणतात, पट्टे हवालदाराच्या फितीसारखे म्हणून. आमच्या जिल्हा कचेरीसमोरच्या टपरीवर नाश्त्याला पोलीस येतात, अगदी तशी झुंबड. एक निळसर मोठा मासाही आला. त्याच्याकडं पाहून मी हात पुढं केला, तर माशाच्या पुष्कळ अलीकडं पाणी ओरबाडलं गेलं. मग आठवलं. पाण्याखाली काचेतून वस्तू एक चतुर्थांशानं जवळ आणि एक तृतीयांशानं मोठी दिसते. म्हणजे मासा दिसला त्याहून लहान होता. तुम्हाला कोणी समुद्रातल्या माशाचं माप सांगितलं, तर आधी तेवढी वजावट करून घ्यावी.

मी मोजले. सतरा. पुन्हा मोजले तर बावीस. तिसऱ्यांदा मोजायला लागलो आणि सोडून दिलं. खात्यात असतो तर सरासरी लिहिली असती.

वर मास्तर सौभाग्यवतीला समजावत होते, की माशांना बाहेरचं खायला घालू नये, त्यांची सवय बिघडते, खडपावरचं शेवाळ खायचं सोडून ते होडीमागं फिरायला लागतात. हे अगदी खरं आहे, आणि तिनंही ते मानलं. फक्त तोवर पहिला डबा संपला होता.

दोन वाजता आम्ही परत निघालो. सव्वादोनला इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं आणि गप्प झालं.

तांडेलानं दोरी ओढली. घर्रर्र. पुन्हा ओढली. इंजिनाचं टोपण काढून प्लग पाहिला, पुसला, फुंकला, परत लावला. तेलाच्या नळीवरचा रबरी फुगा दाबून पाहिला. तो चेपला गेला तो चेपलेलाच राहिला. ओहोटी आम्हाला हळूहळू उघड्या दर्याकडं नेऊ लागली. दूर टेकडीआडून आमच्या जहाजाचा वरचा मजला दिसत होता. साडूभाऊ त्याच्याकडं बघून हळूच म्हणाले, ‘साडेचार म्हणजे पावणेपाच.’ मी लगेच इंजिनाच्या ज्वलनाचं तत्त्व समजावून सांगायला सुरुवात केली. संकटात अभियंत्याला दुसरं काही येत नाही.

मास्तरांना मात्र मुरगाव बंदर समोर दिसलं आणि रात्रभर लागलेली बोट ते विसरले. ‘हेच ते!’ म्हणून त्यांनी सांगायला घेतलं, आणि मी खरं सांगतो, त्या तरंगत्या पाऊण तासात आम्हाला तेवढाच आधार होता. १९३९ साली युद्ध पेटलं तेव्हा जर्मनीची तीन जहाजं, एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स, आणि पुढं इटलीचं एक, अन्फोरा, या बंदरात येऊन लपली. गोवा पोर्तुगीजांचा, पोर्तुगाल तटस्थ. इंग्रजांना आत यायची सोय नाही. इंग्रजांना संशय, की एरेनफेल्सवरचं बिनतारी यंत्र पाणबुड्यांना आपल्या जहाजांचा पत्ता देतं. फौज पाठवावी तर तटस्थतेचा भंग. मग पाठवलं कोणाला? कलकत्ता लाइट हॉर्स नावाच्या हौशी पलटणीला. व्यापारी, हिशेबनीस, चहावाले. बरेचसे पन्नाशीकडं झुकलेले आणि पोटं पुढं आलेले.

‘आपल्यासारखे,’ साडूभाऊ म्हणाले.

‘होडी कोणती मिळाली असेल सांगा,’ मास्तर म्हणाले. ‘हुगळी नदीतला गाळ वाहून नेणारा तराफा. नाव फीबी. खुल्या समुद्रासाठी बांधलेलाच नव्हता. त्यातून कलकत्त्याहून सगळ्या द्वीपकल्पाला वळसा घालत इथवर!’

गाळ म्हटल्यावर माझा ऊर भरून आला. जगाच्या इतिहासात गाळ काढणाऱ्या यंत्रणेला एवढं मानाचं काम कधी मिळालं नव्हतं. ९ मार्च १९४३ च्या रात्री हे लोक एरेनफेल्सवर चढले. त्या रात्री खलाशी जहाजावर राहू नयेत म्हणून किनाऱ्यावर मेजवानीची चोख व्यवस्था आधीच करून ठेवली होती, असं सांगतात. (‘कोणती व्यवस्था?’ साडूभाऊंनी विचारलं. मेव्हणीबाईंनी पाहिलं.) हातघाई झाली, कप्तान मारला गेला, उरलेल्या जर्मनांनीच जहाजाच्या झडपा उघडून ते बुडवलं. ते पाहून बाकीच्या तिन्ही जहाजांवरच्या लोकांनी आपापली जहाजंही स्वतःच बुडवली. आणि हे पोट सुटलेले वीर फीबीत बसून परत गेले. कुठं बोलायचं नाही, अशी ताकीद. पस्तीस वर्षांनी जेम्स लीझर यांचं पुस्तक आलं, मग १९८० साली ग्रेगरी पेकचा चित्रपट. त्याचं चित्रणही गोव्यातच झालं.

‘त्यांचं इंजिन बंद पडलं होतं का?’ मी विचारलं. मास्तर म्हणाले, ते परीक्षेला नाही.

या सगळ्या वेळात सौभाग्यवती होडीच्या मागच्या फळीवर तेलाच्या लाल डब्याशेजारी बसली होती. तिनं डबा न्याहाळला. त्याला बोटानं टिचकी मारली. मग तांडेलाला म्हणाली, ‘दादा, याले दुसरं भोक नाही का?’

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

‘तेलाचा पिपा फोडते तं आपण दोन भोकं पाडतो नं? एकच पाडलं तं तेल येते का? गुडगुड करून थांबते. हवा आत जाले पायजे.’

तांडेलाचा चेहरा मी विसरणार नाही. त्यानं झाकणाकडं पाहिलं. झाकणाच्या मध्यावर एक छोटा पितळी आटा असतो. होडी वाहून नेताना तेल सांडू नये म्हणून तो आवळतात आणि चालू करताना सैल करतात. सकाळी कोणीतरी तो पुन्हा आवळला होता. डब्यात हवा जायला वाट नव्हती, म्हणून तेल यायला वाट नव्हती. इंजिन होतं तेवढं पिऊन गप्प बसलं होतं. त्यानं आटा फिरवला. डब्यानं दीर्घ उसासा टाकला. फुगा दाबला, टणक झाला. दोरी ओढली आणि इंजिन भडभडून बोलायला लागलं.

वर्धा शहराच्या पाणीपुरवठ्याच्या नळावर हवेच्या झडपा कुठं बसवाव्यात, याचा आराखडा मी स्वतः तपासला होता. त्यावर माझी सही आहे. सौभाग्यवतीनं त्याचा उल्लेखही केला नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्यावर केलेल्या उपकारांत मी हा सर्वात वर धरतो.

किनाऱ्यावर तांडेलानं पैसे घेताना तिच्या हातात दोनशे रुपये परत ठेवले. म्हणाला, ‘हे बाय, मेकॅनिकाचे.’ तिनं ते घेतले नाहीत; उरलेल्या डब्यातले चार गोरसपाक उलट त्यालाच दिले. साडूभाऊ पंचा सावरत म्हणाले, घासाघीस मी तीन हजारांपर्यंत आणली. अजून तसंच सांगतात.

तीन वाजून बावन्न मिनिटांनी आम्ही जहाजाच्या शिडीवर होतो. बरोबर चार वाजता शिडी उचलली. खालून एक जोडपं धावत येताना आम्ही पाहिलं. साडूभाऊंनी नकळत हात वर केला, कंडक्टरला दाखवतात तसा. जहाजानं पाहिलं नाही.

आता चिरंजीव म्हणतात, पुढच्या वर्षी लक्षद्वीपला जा. तिथं पाणी काचेसारखं आहे, गाळ नाही, मासे न बोलावता येतात. सौभाग्यवतीनं होकार दिलाय. आधी सराव हवा म्हणून मी काच आणून बादलीत डोकं घालून पाहिलं. मलम लावलं, तेल लावलं, तूपही लावलं. पाझर थांबेना. पाझरावर कायमचा इलाज एकच असतो, हे मी अहवालांत अनेकदा लिहिलंय. परवा शनिवारी न्हाव्याकडं जाऊन मिशी काढली.

रविवारी सकाळी सातला समोरचे भाऊजी पांढरी टोपी घालून आले आणि काही न बोलता सतरंजीवर बसले. साडेसातपर्यंत आळीतली अकरा माणसं आली. नवाला माझ्या जुन्या कचेरीतले दोन शिपाई हार घेऊन आले. जास्त कोणी काही विचारत नव्हतं, सगळे ‘केव्हा झालं’ एवढंच म्हणत होते. मी म्हणालो, शनिवारी. तेव्हा दोघींनी पदर डोळ्यांना लावला.

तरी या लेखाच्या निमित्तानं सर्व नातेवाईक, स्नेही आणि खात्यातील सहकारी यांना कळवतो, की आमचे आई-वडील फार वर्षांपूर्वीच गेले. घरी सर्व सुखरूप आहे. कृपया कोणीही भेटायला येऊ नये.